राहिलेलं शेवटचं कडवं

परवा आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळातली एक तरुण बाई घरी येऊन एक कागद देऊन गेली. स्मरणिका काढायची आहे म्हणे, तर प्रत्येकीने आपली आवडती दहा भक्तिगीतं लिहायची आणि ती का आवडतात ते दोन ओळींत सांगायचं. दोन ओळींत! मी नऊ लिहिली. गणपतीचं एक, दत्ताचं एक, दोन गौळणी, वडील आंघोळीनंतर पंचा नेसून म्हणायचे ते देवीचं स्तोत्र, असं करत करत नऊ झाली. दहाच्या आकड्यापुढे काही लिहिलं नाही. कागद न्यायला आली तेव्हा ती म्हणाली, “मावशी, एक राहिलं तुमचं.” म्हटलं, “आठवत नाही गं आता.” इतकं धडधडीत खोटं मी बऱ्याच दिवसांत बोलले नव्हते.

सत्तरचं दशक संपता संपता आम्ही गिरगावातली चाळ सोडून वाशीला राहायला आलो. वडिलांना तुर्भ्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती आणि चाळीतल्या दीड खोलीपेक्षा वाशीचा ब्लॉक चांगला ऐसपैस होता. बाकी सगळी बोंब होती. अर्ध्या इमारती बांधून झालेल्या, अर्ध्यांच्या सळ्या वर आलेल्या, रस्त्यावर गुडघाभर धूळ आणि संध्याकाळी खिडकी उघडायची सोय नाही इतके डास. रेल्वे यायची होती, ती यायचीच राहिली होती. नातेवाईक “खाडीपलीकडे गेलेत ते” असं म्हणायचे. आमचं जणू तेरावं झालं असावं, असा त्यांचा सूर असायचा.

आईला त्या शांततेचा फार त्रास झाला. चाळीत सहा घरांचे रेडिओ एकाच वेळी ऐकू यायचे, कुणाचं तरी पोर रडायचं, कुणाची तरी भांडी पडायची. इथे सकाळी वडील पाळीला गेले की भिंतींचाच आवाज. मग ती स्वतःच गायची. गाणं शिकलेली नव्हती. सुरात होती, पण आपण सुरात आहोत हे तिला माहीत नव्हतं. सकाळी स्टोव्ह पेटवून चहाचं आधण ठेवलं की एक गाणं ठरलेलं, तिच्या आईकडून आलेलं. कुणा संताचा अभंग नव्हता तो, नाव नव्हतं खाली कुणाचं. साताऱ्याकडच्या तिच्या गावात बायका म्हणायच्या, एवढंच तिला ठाऊक.

त्या गाण्यात एक बाई आहे. देव तिच्या दारात येऊन उभा राहिलाय आणि ही त्याला सरळ सांगते, जरा थांब.

घटकाभर थांब देवा, काम माझे उरले
दळण नाही झाले अजून, पाणी नाही भरले

पुढच्या कडव्यांत तिची कामं संपतच नाहीत. लेकराला न्हाऊ घालायचं असतं, गाईची धार काढायची असते, सासऱ्यांना भाकरी वाढायची असते. देव बिचारा उभाच. आणि शेवटच्या कडव्यात ती पदराला हात पुसत बाहेर येते.

झाले दळण, भरले पाणी, दिवा लावुनी आले
चल रे देवा, जाऊ आता, काम माझे सरले

मला ते गाणं तेव्हा विनोदी वाटायचं. बाकी सगळ्या गाण्यांत माणसं देवाच्या दारात रडतात आणि इथे ही बाई देवालाच ताटकळत ठेवते. आईचा स्वभाव तसाच होता. देवघरात ती हात जोडून फार वेळ बसायची नाही. फुलं वाहता वाहता देवाशी बोलायची, “आज पाणी कमी आलंय, तुझी आंघोळ अर्ध्या तांब्यात उरकते हं.” माझी भक्ती म्हणून जी काही आहे, ती तिथून आली आहे. देवाशी घरातल्या माणसासारखं बोलता येतं, हे मी पोथ्यांतून शिकले नाही.

वर्षभराने तळमजल्यावरच्या काकूंनी भजनी मंडळ काढलं. काकू निवृत्त शिक्षिका. गुरुवारी दुपारी तीन ते पाच त्यांच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरायची आणि आसपासच्या बिल्डिंगांतल्या पंधरा-वीस बायका जमायच्या. मला पेटी वाजवता येत होती, चाळीत असताना क्लास केला होता, म्हणून पंधराव्या वर्षीच मला पकडून तिथे बसवलं. काकूंची शिस्त शाळेतलीच. आधी गणपती, मग अभंग, मग गौळण आणि शेवटी भैरवी. भैरवी झाली की पेटीचा भाता बंद करून झाकण लावायचं. त्यानंतर कुणी काही गायचं नाही, गुणगुणायचंसुद्धा नाही. हा नियम काही काकूंनी शोधलेला नव्हता, सगळ्याच बैठकींत असतो. पण काकू तो असा पाळायच्या की पोलिसांनीही शिकावं. आणि मला ते फार आवडायचं. मी नियमांची पोर होते. वहीला कव्हर नसलं तर झोप न येणाऱ्यांपैकी.

एका गुरुवारी, सुरुवातीचं गणपतीचं गाणं नुकतंच झालं होतं, कुणीतरी आईला आग्रह केला की तुम्ही कधीच म्हणत नाही, आज एखादं म्हणाच. आई लाजली, पदर सावरला आणि तिला मनापासून येणारं एकच गाणं होतं, ते तिने सुरू केलं. मी पेटीवर काळी चारचा सूर धरला आणि साथ केली. बायका डोलायला लागल्या. काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, “छान म्हणता हो. पण चाल भैरवीची आहे, म्हणजे ही भैरवी झाली. आता काही गाता यायचं नाही. मिट गं पेटी.” साडेतीनसुद्धा वाजले नव्हते. मी मुकाट्याने झाकण लावलं. खोबऱ्याचा प्रसाद वाटला आणि सगळ्या आपापल्या घरी गेल्या.

जिना चढताना आईचे कान लाल झाले होते. घरात आल्यावर मात्र तिला हसू फुटलं. “अगं, मी तर रोज सकाळी चहा टाकताना म्हणते ते. मग माझा दिवस काय तिथंच संपतो?”

मी म्हटलं, “बैठकीचे काही नियम असतात आई. चुकलंच तुझं.”

“बरं बाई, चुकलं,” ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

पुढच्या गुरुवारपासून काकूंनीच ते गाणं मंडळाची भैरवी म्हणून ठरवून टाकलं. पाच वाजायला आले की त्या आईकडे बघून मान हलवायच्या आणि आई म्हणायची. बायकांना ते इतकं आवडायला लागलं की काही जणी तेवढ्यासाठी यायच्या. घरी मात्र आईने काकूंना जुमानलं नाही. सकाळचं गाणं चालूच राहिलं. फक्त मी जवळपास असले की आवाज खाली यायचा.

ते गाणं मन लावून ऐकणारी आणखी एकजण होती. वाशीगावातली एक मावशी आमच्याकडे मासे घेऊन यायची, आठवड्यातून दोनदा, कोलंबी, बोंबील, कधी खाडीतले निवटे. तिची शेतं नवीन शहरासाठी गेली होती. कुठली जमीन कुठल्या बिल्डिंगखाली आहे हे तिला तोंडपाठ. आईला ती म्हणायची, “तुमची न्हानी हाय ना बाय, तितं आमची काकडी व्हायची.” त्यात राग होता की थट्टा, मला कधी कळलं नाही. गुरुवारी आमच्याकडे मासे चालत नसत, तरी ती यायची. टोपली खाली झाडाजवळ ठेवून उंबऱ्यावर बसायची, आई तिला चहा द्यायची आणि दोघी तासभर बोलायच्या. चहाचं आधण ठेवलं की आई गाणार आणि मावशी उंबऱ्यावर बोटांनी ताल धरणार, हे ठरलेलं. मी कॉलेजची पुस्तकं घेऊन आतल्या खोलीत दार लावून बसायचे. मला दोघींचाही कंटाळा यायचा, खरं तेच सांगते.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा आईचं पोट दुखायला लागलं. आधी ॲसिडिटी म्हणून ओव्याचं पाणी, मग जवळच्या डॉक्टरांच्या गोळ्या, मग खाडीपुलावरून बसने मुंबईच्या इस्पितळात चकरा. चार महिने त्यात गेले. मग तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या, त्यांना हवं ते खायला द्या. परतीच्या बसमध्ये वडील सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होते. आई मला म्हणाली, “यांना लिंबाची गोळी दे, यांना बस लागतेय.”

आईची कॉट आम्ही बाहेरच्या खोलीत खिडकीशी लावली. तिला आता बोलायलाही दम लागायचा, गाणं तर बंदच झालं. मग मी पेटी काढली. सकाळी वडील कामावर गेले, तिला स्पंज करून कपडे बदलले की मी खाली बसून वाजवायचे आणि म्हणायचे. गणपतीचं, दत्ताचं, त्या दोन गौळणी. त्यातली एक इतकी खोडकर होती की आईला हसू यायचं आणि हसलं की पोटात कळ यायची, तरी ती म्हणायची, पुन्हा म्हण. त्या कागदावर मी जी नऊ गाणी लिहून दिली, ती बहुतेक याच कॉटजवळची आहेत.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “आता ते म्हण ना. आपलं. थांब देवा.”

माझी बोटं पेटीवरच थांबली. मी म्हटलं, “ते शेवटी म्हणायचं असतं.”

“मग शेवटी म्हण.”

मी नाही म्हटलं. आणखी एक गौळण म्हटली आणि म्हटलं की आता तू झोप. मला भीती वाटत होती. भैरवी झाली की बैठक संपते, पेटी मिटते, माणसं उठून जातात. ते शेवटचं कडवं, काम सरलं आणि आता चल देवा, ते मी आईच्या उशाशी बसून कसं म्हणू? मी मनाशी पक्कं धरून बसले की जोवर मी ते म्हणत नाही, तोवर बैठक चालू आहे. पेटीचं झाकणसुद्धा मी लावेनाशी झाले. रात्रंदिवस ती कॉटखाली उघडी असायची, वर नुसतं एक फडकं टाकलेलं. वडिलांनी एकदा झाकण लावलं तर मी त्यांच्यावर ओरडले. शिकलेली मुलगी मी, तर्कशास्त्रात पहिला वर्ग होता माझा.

आईने पुन्हा मागितलं, मी पुन्हा टाळलं. मग एका सकाळी तिने माझा हात धरला. तिच्या हाताची नुसती काडी झाली होती. म्हणाली, “शेवटचं कडवं नको म्हणूस. पहिली दोन-तीन तर म्हणशील? दळणाचं, पाण्याचं. सकाळ झाल्यासारखं वाटतं गं मला ते ऐकलं की.”

तिने इतकं स्पष्ट सांगितलं होतं. इतकं सोपं करून दिलं होतं. आणि मी काय बोलले ते शब्दन् शब्द मला आठवतं. मी म्हटलं, “तुला जायचीच एवढी घाई झालीय का? आमचं काही वाटतं की नाही तुला?”

 तिने माझा हात सोडला आणि आपला हात पांघरुणावर ठेवला. “बरं,” म्हणाली. त्यानंतर तिने ते गाणं माझ्याकडे कधीही मागितलं नाही. मी रोज दुसरी गाणी म्हणत राहिले आणि ती रोज छान झालं म्हणत राहिली.

शेवटचा दिवस गुरुवारच होता. आईचं दुखणं कमी करण्याचं औषध संपलं होतं आणि आमच्या सेक्टरातल्या दुकानात मिळालं नाही, म्हणून दुपारी मी बस डेपोजवळच्या दुकानात गेले. मावशी आली होती, तिला आईजवळ बसवलं. परत यायला मला तासभर लागला. आले तेव्हा आई डोळे मिटून पडली होती, चेहरा शांत होता. मावशी उठली, पदराने डोळे पुसले आणि माझ्याशी एक शब्द न बोलता खाली गेली. मला वाटलं, आईची अवस्था बघून तिला रडू आलं असेल. संध्याकाळी वडील घरी आले, मी देवापाशी दिवा लावला आणि वळून बघते तो आई गेलेली होती.

तेराव्यानंतरच्या गुरुवारी काकूंनी मंडळ आमच्या घरीच बसवलं. शेवटी त्या माझ्याकडे बघून नेहमीसारखी मान हलवून म्हणाल्या, “भैरवी तू म्हण.” मी मान खाली घातली.  मग काकूंनी स्वतःच कुठलीशी दुसरी भैरवी म्हटली आणि बायका गेल्या. काकू मागे थांबल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, आईने मागितलं होतं, मी म्हटलं नाही. आणि वर हेही म्हणाले, “तुमचाच नियम होता ना काकू?” म्हातारीला टोचावं म्हणूनच म्हटलं होतं मी.

काकू खाली बसल्या. “अगं वेडे,” त्या म्हणाल्या, “नियम बैठकीचा. आणि मी एवढी कडक का, तर साडेपाचला पाणी यायचं. वरच्या मजल्यावरच्या बायकांना पिंप भरायची असायची आणि एकदा रंगल्या की उठायच्या नाहीत. घरात आपल्या माणसापाशी काय गावं, त्याला कसला आलाय नियम?” मग माझ्या डोक्यावरून हात फिरवून त्या उठल्या आणि भिंतीला धरून जिना उतरल्या.

मावशी महिना-दीड महिना आलीच नाही. मग एका सकाळी उंबऱ्यावर येऊन बसली. टोपली खाली ठेवून आली होती. मी चहा टाकला. मी गात नव्हते आणि तिची बोटं नुसतीच उंबऱ्यावर होती. मग ती म्हणाली, “पोरी, तुला एक सांगायचं हाय. त्या दिशी तू औषदाला गेलीस ना, तवा बाय मला बोलली, मावशी, माजं गानं म्हन.”

मी गॅस बारीक केला.

“मना काय येतंय? ऐकून ऐकून जेवडं आलं तेवडं म्हटलं. दलन झालं, पानी झालं. लेकराचं आलं तितं मी अडकले, तर बायनीच सांगितलं, दम खात खात. गाईचं म्हटलं, भाकरीचं म्हटलं. बाय हसत होती बग, आमचं बोलनं ऐकून. पन शेवटचं मना येत नाय. मी बोलले, बाय, तेवडं सांग, तेपन म्हनते. तर बोलली, ते राहू दे मावशी. ते माज्या पोरीला येतं. ती म्हनेल.”

इतकं सांगून तिने पदर तोंडाला लावला. मी तिथेच फरशीवर बसले. आईने गाणं ऐकलं होतं, हा एक दिलासा होता आणि तो घेताना मला लाज वाटत होती, कारण तो मी दिलेला नव्हता. दमलेल्या, मरायला टेकलेल्या बाईने कोळणीला एकेक ओळ सांगून आपलं गाणं म्हणवून घेतलं. आणि शेवटचं कडवं माझ्यासाठी ठेवलं. मी तिच्या अंगावर ओरडले होते, तरी ठेवलं.

“मग म्हन ना आता,” मावशी म्हणाली.

पेटी अजून कॉटखाली होती, फडक्याखाली उघडीच. मी ती काढली नाही. चहा उतू जायला आला, तो खाली उतरवला आणि तिथेच बसून सुरू केलं. पहिली कडवी मावशीने माझ्याबरोबर म्हटली, तिच्या तिच्या उच्चारांत. शेवटच्या कडव्याला ती थांबली आणि मी एकटीने म्हटलं. झाले दळण, भरले पाणी, दिवा लावुनी आले. आवाज कापरा झाला नाही, शब्द अडला नाही, काळी चारही पेटीशिवाय बरोबर लागली. अगदी आईच्या सुरात म्हटलं मी. फक्त समोरच्या कॉटवर गादी गुंडाळून ठेवलेली होती आणि ऐकायला आई नव्हती.